शनिवारच्या बैठकीची आठवण – इतिहास शिक्षक अभ्यासगट

सर्व सदस्यांना नमस्कार.
येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारी साडेबारा वाजता बसायचं आहे, जागा नेहमीचीच. विषय : नामांतराचा (मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा) इतिहास आठवी-नववीच्या वर्गात कसा शिकवायचा.

मराठवाडा मुक्तिसंग्राम आपण 17 सप्टेंबरला झेंड्यासह दणक्यात शिकवतो. 14 जानेवारी, म्हणजे विद्यापीठाला ते नाव मिळाल्याचा दिवस, मात्र तिळगुळात निघून जातो. गेल्या वर्षी एका पोरीनं मला विचारलं, "सर, ठराव 1978 चा अन् नाव 1994 ला, मधी काय झालं?" मी "पुढं बघू" म्हणून घंटेची वाट पाहिली. खरं सांगायचं तर, नामांतराच्या वादात जळालेल्या दलित वस्त्यांबद्दल बोलायला जीभ रेटली नाही. वर्गात दोन्हीकडची लेकरं बसलेली असतात.

म्हणून येताना प्रत्येकानं आपल्या गावातली एक तरी ऐकीव आठवण लिहून आणावी; सांगणाऱ्याचं नाव घालू नये. बाबासाहेबांनी काढलेलं औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय 1950 ला सुरू झालं, तिथून सुरुवात करावी असं माझं मत. संविधानाचं कलम 17 (अस्पृश्यता बंदीचं) सोबत ठेवावं.

आणखी एक. "स्कॉलरशिपवाले उभे राहा" असं भर वर्गात पुकारणं आजपासून बंद करा; त्यानं लेकरांची जात सगळ्यांसमोर येते. फॉर्म एकेकाला बोलावून भरून घ्या.

चहा आहे, डबा आपापला आणावा.