आधी बस आणि मालवाहू गाड्या विजेवर आणा

संपादक महोदय,

विजेवरच्या गाड्यांची चर्चा खासगी मोटारींभोवतीच फिरत राहते, याचे वाईट वाटते. शहराची हवा सुधारायची तर दिवसभर रस्त्यावर धावणाऱ्या बस, टॅक्सी आणि मालवाहू गाड्यांचा नंबर आधी लागायला हवा. चीनमधील शेनझेन शहराने २०१७ च्या अखेरीस आपल्या १६ हजारांहून अधिक बस विजेवर आणल्या. अशा बदलाने सायलेन्सरमधून निघणारे नायट्रोजन ऑक्साइड रस्त्यावरून हटते. टायर आणि रस्त्याच्या घर्षणाची धूळ मात्र राहतेच. शिवाय वीज कोळशाची असेल, तर धूर औष्णिक केंद्राभोवतीच्या गावांच्या वाट्याला जातो. हा अन्याय आहे.

रोजगाराचेही तसेच. विजेच्या मोटरीत फिरते भाग इंजिनापेक्षा कितीतरी कमी असतात. पिस्टन, सायलेन्सर, इंधनपंप बनवणारे लघुउद्योग आणि गॅरेजमधले कारागीर यामुळे अडचणीत येणार. बॅटरी कारखाना एका भागात आणि बंद पडणारी वर्कशॉप दुसऱ्या भागात, असे झाले तर प्रादेशिक विकास कोणाचा? कारखान्यांना सवलती देतानाच प्रशिक्षणाचीही तरतूद करावी, आणि ती केंद्रे जिथे आज इंजिनाचे सुटे भाग बनतात तिथेच उभारावीत.

– एक वाचक