फेडोरला मी एवढा का मानतो

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. "यूएफसीत कधी उतरलाच नाही, त्याचं एवढं काय कौतुक?" असं मिश्र मार्शल आर्ट्सचा (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतींचा) रशियन लढवय्या फेडोर इमिल्यानेन्कोबद्दल तू विचारलंस. यूएफसी म्हणजे अशा लढती भरवणारी सर्वात मोठी अमेरिकी कंपनी. फोनवर उरकण्यासारखा विषय नाही, म्हणून लिहायला बसलो.

त्याचा जन्म १९७६ चा, युक्रेनमधल्या रुबिझ्नेचा. तो लहान असतानाच घर रशियातल्या स्तारी ओस्कोलला आलं. वडील वेल्डर, आई शिक्षिका, परिस्थिती बेताची. धाकट्या अलेक्झांडरला सांभाळायला घरी कोणी नसे, म्हणून फेडोर त्यालाही सरावाला घेऊन जायचा. पुढे तो पोरगाही सांबो या रशियन कुस्तीच्या कॉम्बॅट प्रकारात जगज्जेता झाला!

सांबोत जाड जाकीट आणि आखूड चड्डी घालून, पायात बूट चढवून लढतात. आपल्याकडे पाठ लागली की कुस्ती निकाली. तिथे खाली पडल्यावरही हाता-पायाचे सांधे आवळून समोरच्याला शरण आणता येतं. कॉम्बॅट प्रकारात ठोसे-लाथाही चालतात. फेडोरने त्यात २००२, २००५ आणि २००७ साली जगज्जेतेपद मिळवलं. पडला म्हणजे संपला, हे त्याच्या अंगातच नव्हतं.

जून २००४ मधली जपानातली लढत बघ. अमेरिकन पैलवान केविन रॅन्डलमनने त्याला मागून कंबरेला धरून उचललं आणि मागे असं आपटलं की फेडोर मान-खांद्यावर कोसळला. बघणाऱ्याचा श्वास अडकतो. फेडोरच्या चेहऱ्यावर मात्र रेषही हलत नाही. खालच्या खाली वळतो, रॅन्डलमनचा हात पकडतो, मुरडतो आणि लढत पहिल्याच फेरीत खलास. त्याआधी २००३ मध्ये ब्राझीलच्या नोगेराला हरवून त्याने प्राइड या लढती भरवणाऱ्या जपानी संस्थेचा किताब घेतला होता, २००५ मध्ये क्रोएशियाच्या क्रो कॉपलाही नमवलं. प्राइडने त्याच्यापुढे काही फुसके गडी उभे केले हेही खरं, पण हे दोघे तसे नव्हते.

यूएफसीचं म्हणशील तर २००९ मध्ये बोलणी झाली होती. त्याच्या बाजूच्या एम-१ कंपनीला आयोजनात भागीदारी हवी होती, तिथे फिसकटलं. मला त्याची हळहळ आजही वाटते.

२०१० मध्ये ब्राझीलच्या वेर्डुमने त्याला ६९ सेकंदांत शरण आणलं. जवळपास दहा वर्षांचा दबदबा एका मिनिटात गेला, आणि हा माणूस जिंकल्यावर दिसायचा तसाच शांत उभा. मी त्याला मानतो ते याच्यासाठी. किताब काय, पुष्कळांकडे असतात.

नंतर तो फार काळ लढत राहिला, आधीच थांबायला हवं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये, ४६ व्या वर्षी, रायन बेडरकडून हरून त्याने हातमोजे उतरवले. पण रशियातल्या दागेस्तानचा लढवय्या खबीब कॉम्बॅट सांबोचा जगज्जेता म्हणून यूएफसीत आला तेव्हा सांबो म्हणजे काय हे जगाला सांगावं लागलं नाही. ती ओळख फेडोरने करून ठेवली होती. २०२१ मध्ये ऑलिंपिक समितीनेही या खेळाला पूर्ण मान्यता दिली.

आधी रॅन्डलमनची लढत बघ, मग क्रो कॉपची. त्यानंतरही तुझं मत तेच राहिलं तर सविस्तर लिही, मी वाट बघतो.

तुझाच,
जुना दोस्त