म्हाताऱ्यांची सोय कुठे आहे, एवढं तरी खरं सांगा

प्रति,
मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: सोलापूर जिल्ह्यातील वृद्धाश्रम व शुश्रूषा केंद्रांची खरी यादी मिळणेबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात मी एका सरकारी कचेरीत माझ्या सासूबाईंसाठी वृद्धाश्रमांची यादी मागितली. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेला एक कागद हाती आला. पहिल्या पत्त्यावर रिक्षा करून गेले, तर तिथे मंगल कार्यालय. दुसऱ्या नंबरवरचे गृहस्थ म्हणाले, ‘ताई, ते बंद होऊन जमाना झाला, फोन मात्र अजून मलाच येतात.’ तिसरीकडे अट होती, ‘स्वतःचं स्वतः करणारेच घेतो.’ स्वतःचं स्वतः करणाऱ्या माणसासाठी मी उन्हातान्हात कशाला फिरले असते?

ज्येष्ठ नागरिक दिनाला व्यासपीठावरून आम्हाला सांगण्यात आलं होतं, की यापुढे सगळी माहिती एका ठिकाणी मिळेल. आम्ही टाळ्याही वाजवल्या. शाल मिळाली, ती बरी आहे.

सासूबाई 84 वर्षांच्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू वस्तीतल्या बहुतेक बायकांसारखं त्यांचंही आयुष्य विड्या वळण्यात गेलं. हजार विड्या झाल्याशिवाय ताटावर बसायच्या नाहीत. आता स्मृतिभ्रंश आहे. मराठी पार पुसली गेली, फक्त तेलुगू उरली. रात्री दोनला उठून दाराची कडी काढतात. माल द्यायला उशीर झाला, कारखानदार छाट काढेल, म्हणजे विड्या खराब म्हणून बाजूला टाकेल, म्हणतात. मी 61 वर्षांची. तुमच्या 2018 च्या धोरणाप्रमाणे मीसुद्धा ज्येष्ठच, म्हणजे एक ज्येष्ठ दुसऱ्या ज्येष्ठाच्या मागे अंधारात पळते. एक गुडघा गेलेला आहे, दुसरा जायच्या बेतात. मुलगा पुण्याला. सोलापूरची पोरं पुण्यालाच असतात, पण ते भांडण दुसऱ्या मंत्र्यांशी आहे.

खासगीत विचारलं, तर सगळीकडे ‘निसर्गरम्य परिसर, घरगुती जेवण’. दर कुठेच लिहिलेला नाही. ‘रात्री नर्स असते का?’ विचारलं, की ‘येऊन तर बघा.’ डिपॉझिट परत मिळतं का, यावर हसतात. घरी सांभाळायला बाई पुरवणारी ब्युरोवाली बारा तासांच्या बाईचे महिन्याला पंधरा हजार सांगते, आणि ती बाई काय शिकलेली आहे हे तिलाही ठाऊक नसतं. पुण्यातल्या एका ठिकाणी सगळं चांगलं होतं, पण तेलुगू कळणारं एक माणूस नाही. ‘पाणी’ म्हटलेलं ज्यांना समजणार नाही, त्यांच्या हवाली कसं करायचं?

मग कायदाच वाचला. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा, 2007. कलम 19 म्हणतं, राज्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, 150 निराधार वृद्धांना सामावणारा आश्रम काढावा. कलम 20 म्हणतं, सरकारी दवाखान्यात ज्येष्ठांना वेगळी रांग. आणि कलम 21 म्हणतं, या सगळ्याची प्रसिद्धी सरकारने टीव्ही, रेडिओ, वर्तमानपत्रांतून वरचेवर करायची. महोदय, मी टीव्ही पुष्कळ बघते. सासूबाई झोपू देत नाहीत. तुमच्या सत्काराच्या बातम्या दिसतात, कलम 21 अजून दिसलेलं नाही.

आणि माणूस म्हातारा नक्की कधी होतो, हे तरी एकदा ठरवा. धोरणात 60 ला. श्रावणबाळला 65. मुख्यमंत्री वयोश्री योजनेला 65. पाच लाखांच्या आयुष्मान कार्डाला 70. एसटी फुकट 75 ला. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, दाखले वेगळे, खिडकी वेगळी. सासूबाईंचे बोटांचे ठसे मशिनवर उमटत नाहीत. ते विडीच्या तेंदूपानांनी कधीच झिजवले. वयोश्रीचे 3000 रुपये मिळतात, तेही एकदाच. डायपरला किती दिवस पुरतील, तुमच्या सचिवांना हिशोब करायला सांगा. 14567 ही हेल्पलाइन आहे, माहीत आहे. सकाळी 8 ते रात्री 8. आमच्या घरात दिवस रात्री दोनला सुरू होतो.

तुम्ही म्हणाल, आकडे आणा. कुठून आणू? देशात 10 कोटींवर वृद्ध, हा आकडा 2011 च्या जनगणनेचा. 2021 ची तर वेळेवर झालीच नाही. ज्या माणसांची मोजदाद नाही, त्यांच्या खाटांची कशी असेल! 2014 पासून पीएफची किमान पेन्शन 1000 रुपयांवर बसून आहे. आमच्या यांना गिरणीची मिळते ती जवळपास तेवढीच. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये करोनाच्या नावाखाली गेली. करोना गेला, सवलत आली नाही. 2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं तेव्हा फटाके वाजले होते. नळाला पाणी अजून चार-पाच दिवसांनी येतं, आणि त्या दिवशी अंथरुणातल्या माणसाच्या चादरी धुवायच्या की प्यायचं भरायचं, हे मी ठरवते. चादरींच्या गावात!

मला अनुदान नको. यादी हवी. कुठला आश्रम आज सुरू आहे, अंथरुणाला खिळलेलं माणूस घेतो का, स्मृतिभ्रंशाचं घेतो का, महिन्याचे किती, रात्री कोण असतं, तेलुगू-कन्नड कुणाला येतं का, आणि शेवटची तपासणी कुणी, कोणत्या तारखेला केली. तलाठी कार्यालयात, रेशन दुकानात, दवाखान्याच्या भिंतीवर लावा. मोठ्या अक्षरात. आमचे डोळे ते काय असायचे.

आपली,
एक सून, अशोक चौक परिसर, सोलापूर

ता.क. ‘आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ असं उत्तर पाठवू नका. त्या विभागानेच मला मंगल कार्यालयाचा पत्ता दिला.