आपल्या काळ्या वाळूवर संशोधन कोण करणार?

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मी शिरोली एमआयडीसीत ओतकामात आयुष्य काढलं, आता घरी असतो. परवा नातीच्या कॉलेजात प्रोजेक्टचं प्रदर्शन बघितलं, नॅनो कंपोझिट, थ्रीडी प्रिंटिंग, पोरांनी मेहनत केलेली दिसत होती, पण एकाही टेबलावर वाळू नव्हती हो. फाउंड्र्यांच्या कोल्हापुरात राहून!

बाहेरच्यांना वाटतं फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवणं. पण कास्टिंग (साच्यात ओतून केलेला भाग) चांगलं येणार की भंगारात जाणार हे निम्मं वाळू ठरवते. कोकणातल्या कासार्डेकडून घाट चढून येणारी पांढरी सिलिका वाळू, त्यात बेंटोनाईट (वाळू धरून ठेवणारी चिकट माती), कोल डस्ट (कोळशाची भुकटी, हिच्यामुळंच वाळू काळी होते) आणि तीन-चार टक्के पाणी, झाला साचा. त्यात १३५०-१४०० डिग्रीचा लोखंडाचा रस पडला की साच्याला लागून असलेलं बेंटोनाईट जळून मरतं, त्याचा चिकटपणा जातो आणि नुसती धूळ उरते. तीच वाळू परत परत फिरते, धूळ साठत जाते, ती पाणी जास्त पिते आणि वाळूतून गॅस बाहेर पडायला वाट राहत नाही. मग मशिनिंग करताना आत ब्लोहोल (अडकलेल्या गॅसनं पडलेलं भोक) निघतं आणि तयार होत आलेला माल परत भट्टीत.

एका पावसाळ्यात आमच्याकडं असंच रिजेक्शन वाढलं. साचा ढासळतोय म्हणून आम्ही अंदाजानं बेंटोनाईट वाढवलं, त्यामुळं पाणी वाढवावं लागलं आणि ब्लोहोल अजूनच वाढले. वाळूचा नमुना घेऊन मी एका कॉलेजात गेलो तर मशीन फक्त परीक्षेला उघडतात म्हणाले, रिकाम्या हातानं परत आलो. शेवटी नवीन लागलेल्या एका पोरानं चाळण्या लावून बारीक धूळ किती हे मोजलं, थोडी जुनी वाळू काढून नवी घातली, मग कुठं गाडी रुळावर आली. हे संशोधनच की, पण त्याचा एक कागदसुद्धा कुठं राहिला नाही, दुसऱ्या फाउंड्रीत तीच चूक परत होणार.

आणि काढलेली वाळू जाते कुठं? रस्त्याकडेला, ओढ्याकाठी. खरं तर घासून किंवा भट्टीत तापवून ती परत वापरता येते, कोअरची (कास्टिंगमध्ये पोकळी ठेवायला साच्यात बसवतात त्या गाभ्याची) रेझिनवाली, म्हणजे रासायनिक डिंक घातलेली वाळू तर तापवून चांगली साफ होते. पेव्हर ब्लॉकमध्येही घालता येते. पण आपल्या वाळूत धूळ किती, रेझिन किती, ब्लॉकला ताकद किती येते, पावसात त्यातून काय झिरपतं हे इथंच मोजायला पाहिजे, परदेशातल्या पेपरातले आकडे आपल्या वाळूला लागू होतीलच असं नाही. ती बारीक धूळ कामगाराच्या छातीत जाते तेही मोजा, सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार) एकदा झाला की बरा होत नाही, माझ्यासोबतचे दोघं खोकत खोकत गेले, त्यांना नक्की काय झालं होतं हे कुणी तपासलंसुद्धा नाही.

माझी विनंती एवढीच, जिल्ह्यातल्या कॉलेजांनी शेवटच्या वर्षाच्या चार पोरांना वर्षभर एक फाउंड्री द्यावी. रोज वाळू तपासा, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात काय फरक पडतो ते लिहा, फसलेले प्रयोगही लिहा, आणि मराठीत लिहा म्हणजे मोल्डिंगवाल्याला वाचता येईल. लहान फाउंड्रीवाल्यांना आठवड्यातून एक दिवस तरी लॅब उघडी ठेवा, फी घ्या हवी तर. कुठल्या कॉलेजची तयारी असेल तर नमुने कुठून, कसे घ्यायचे हे दाखवायला मी स्वतः येईन, गाडीभाडंसुद्धा नको.

आपला,
एक निवृत्त मोल्डिंग सुपरवायझर, शिरोली (जि. कोल्हापूर)