दिंडी दरवाज्याचा रंग

नाशिक,
मार्गशीर्ष वद्य द्वितीया

प्रिय विनायक यास,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे आषाढातले पत्र पाच महिने टेबलाच्या खणात पडून आहे आणि उत्तर न लिहिण्याचे सांगण्याजोगे एकही कारण माझ्याजवळ नाही. आमची प्रकृती ठीक. रक्तदाबाची गोळी अर्धीची एक झाली, सौ.चे गुडघे थंडीत कुरकुरतात, एवढेच. दिवाळीपासून मात्र एक गोष्ट मनात घोळते आहे. ती घरात सांगितली तर थट्टा होते किंवा काळजीने माझ्याकडे पाहिले जाते, आणि मला दोन्ही नको आहे. म्हणून आडवळण न घेता तुलाच विचारतो. तिवंध्यातल्या तुमच्या वाड्याच्या दिंडी दरवाज्याचा रंग कोणता होता?

प्रश्न कुठून आला ते सांगतो. पुतणी आर्किटेक्ट झाली हे तुला ठाऊक आहेच. तिने यंदा फराळाच्या डब्याऐवजी घरोघरी एक वही वाटली. (चकल्या आल्या नाहीत म्हणून तुझी वहिनी अजून धुसफुसते आहे.) वहीत जुन्या नाशिकची २४ रेखाचित्रे आहेत, बारीक काळ्या रेषा तेवढ्या छापलेल्या, रंग ज्याने त्याने भरायचे. नारोशंकराचे देऊळ, सरकारवाडा, दहीपूल, सराफ बाजार, तांबट आळीतले हंड्यांनी भरलेले दुकान, आपण अजूनही ज्याला व्हिक्टोरिया पूल म्हणतो तो अहिल्याबाई होळकर पूल, गंगेच्या पुराचे पाणी ज्याच्यावरून मोजतात तो दुतोंड्या मारुती. आणि सतराव्या पानावर तुमचा वाडा. वाडा पाडून तिथे चार मजले उभे राहिले तेव्हा पोरीचा जन्मही झालेला नव्हता, त्यामुळे तिने तो ताईच्या लग्नातल्या फोटोवरून काढला. तोच फोटो, ज्यात तुझे बाबा खांबाला टेकले आहेत आणि तू डोळे मिटले आहेस.

पहिले दोन दिवस मी त्या वहीला हात लावला नाही. तुला माहीत आहे की नाशिक रोडच्या प्रेसमध्ये माझी ३६ वर्षे रंग रेषेच्या आत बसवण्यातच गेली. तिथे रंग केसभर सरकला तर तो कागद रद्दीतसुद्धा जात नसे, मोजून, नोंद करून नष्ट केला जाई. निवृत्तीनंतर पुन्हा तेच, आणि तेही बिनपगारी, कोणी सांगितले आहे, असे मी म्हणालो. तिसऱ्या दिवशी दुपारी नात सानिका जेवणाच्या टेबलावर सराफ बाजार रंगवत बसली होती आणि सोनाराच्या दुकानाला तिने पोपटी रंग देताच माझ्याने राहवले नाही. तेव्हापासून रोज अडीच ते चार आमचा वर्ग भरतो. शेजारच्या नव्वदीच्या आजी भिंग घेऊन येतात आणि दिवसाला एकच खिडकी रंगवतात. एक गज, मग चष्मा पुसणे, मग दुसरा गज. कालची खिडकी पुरी झाल्यावर त्या अशा काही समाधानाने मागे टेकल्या की जणू लग्नातली पंगत वाढून झाली. सौ. आधी नुसती पेन्सिलींना टोके काढून देत असे. आता दहीपुलावरचा एकही भाजीवाला ती दुसऱ्याला रंगवू देत नाही.

यात मन शांत होते असे लोक म्हणतात. शांत हा शब्द मला थोडा मोठा वाटतो. दावणीला बांधलेले जनावर जसे दोरीच्या लांबीइतकेच चरते तसे मनाचे होते, एवढे मी मान्य करतो. कौले रंगवताना पुढच्या कौलापलीकडचा विचार येत नाही. पुतणीने मला एक वाचून दाखवले ते तुला आवडेल. २००५ साली अमेरिकेत नॅन्सी करी आणि टिम कॅसर या दोघांनी ८४ विद्यार्थ्यांना आधी आपल्या आयुष्यातल्या भीतीच्या प्रसंगाविषयी लिहायला लावले आणि मग रंग दिले. काहींना मंडलाची आकृती, काहींना आपल्या लुंगीसारखी चौकड्यांची नक्षी, काहींना कोरा कागद. मंडलवाल्यांची आणि चौकडीवाल्यांची घालमेल सारखीच उतरली. कोऱ्या कागदवाल्यांची तशी उतरली नाही. मी म्हणालो, यासाठी अमेरिकेला कशाला जायचे, आमच्या एलिमेंटरीच्या परीक्षेला बसवायचे होते. स्मरणचित्राच्या तासाला तो कोरा कागद पुढे आला की माझ्या पोटात गोळा येई. विषय होता ‘बाजारातील दृश्य’. मी तीन पाठमोरी माणसे आणि एक गाय काढली, कारण पाठमोऱ्या माणसाला नाक लागत नाही. तुला अ श्रेणी मिळाली आणि तू ती गल्लीभर नारोशंकराच्या घंटेसारखी वाजवलीस. ते असो.

रंगवण्याच्या बाबतीत मी आता थोडा जाणकार झालो आहे, म्हणून दोन शब्द अधिकाराने लिहितो. पेन्सिल दाबायची नाही. आधी फिका हात फिरवायचा आणि गडद त्यावर चढवत जायचे; पहिल्याच हाताला जोर दिला तर रंगातले मेण कागदावर साचते आणि त्यावर दुसरा रंग बसत नाही, नुसता घसरतो. काळारामाच्या देवळाला काळी पेन्सिल लावायची नाही, हे मला तीन कागद वाया गेल्यावर कळले. काळा लावला की ओढेकरांनी बांधलेले सगळे देऊळ कोळशाचे पोते दिसते. निळा, त्यावर तपकिरी, त्यावर थोडा जांभळा, आणि जिथे ऊन पडते तिथे कागद तसाच कोरा सोडायचा, म्हणजे दगड उठतो. त्या पानावर दरवाज्यापाशी माझा हात मात्र नेहमीसारखा चालला नाही. २ मार्च १९३० पासून त्याच दारासमोर बाबासाहेबांच्या आणि दादासाहेब गायकवाडांच्या माणसांनी किती वर्षे सत्याग्रह केला, हे सानिकाला सांगत होतो. ती म्हणाली, मग दार उघडेच दाखवायचे ना. उघडे दार रंगवायचे म्हणजे आतला अंधार रंगवावा लागतो, आणि तो कठीण असतो. गंगेवरून आमचे भांडण झाले. तिने गोदावरी निळीशार केली. मी म्हटले, श्रावणात दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागते तेव्हा गंगा चहाच्या रंगाची असते. तिने शांतपणे विचारले, दुधाचा की कोरा?

तर असे सगळे सुखाने चालले असताना सतरावे पान आले.

भिंतींचा प्रश्न नव्हता. खाली दगड, वर पांढरी माती, त्यावर चुना. गॅलरीचे लाकूड तेलपाण्याने काळपट झालेले होते, तेही मी डोळे मिटून भरले. ओट्यावर तुझ्या आजीची पितळी पानपेटी पुतणीने अंदाजाने काढली आहे आणि ती बरोबर जागी आहे. मग मी दरवाज्यावर पेन्सिल नेली आणि कोणती उचलायची ते मला सुचेना. हिरवी की तांबडी? मी फोटो मागवला. पण फोटो कृष्णधवल, आणि प्रेसमधला माणूस म्हणून मी तुला सांगतो की सारख्याच गडदपणाचा हिरवा आणि तांबडा कृष्णधवल फोटोत एकाच राखाडी रंगाचे उमटतात. भिंग लावून पाहिले तरी त्यातून उत्तर निघत नाही. सौ. म्हणते गेरूचा होता. पण ती त्या घरात १९८१ साली पहिल्यांदा आली, आणि मधल्या काळात तुझ्या काकांनी काय फासले असेल ते कोण सांगणार.

इथे तू म्हणशील की पन्नास वर्षांपूर्वीचे दार विसरले तर बिघडले काय. विनायक, ते दार आपण रंगवले होते. १९७४ च्या वैशाखात, ताईच्या लग्नाआधी आठ दिवस, तू आणि मी, रंगाऱ्याचे पैसे वाचवून देतो अशी फुशारकी मारून. मला त्या दिवसाचे सगळे आठवते. डब्याचे झाकण बाबांच्या पेचकसाने उघडताना तुझा अंगठा कापला ते आठवते. टर्पेंटाइनचा वास आठवतो, तो इतका की हे लिहितानाही नाकात आला. ब्रश स्वस्तातला होता, त्याचे केस ओल्या रंगात चिकटून राहत आणि तू ते नखाने काढत बसलास. तांबटांची पांढरी शेळी येऊन अंग घासून गेली, तिच्या कुशीवर हातभर लांब पट्टा उमटला आणि आजींनी तांबटीणबाईंशी दोन दिवस अबोला धरला. मला शेळी दिसते. पट्टा दिसतो. पट्ट्याला रंग नाही. तो फोटोतल्यासारखा राखाडी आहे. तो फोटो इतकी वर्षे पाहून पाहून खऱ्या दिवसावर त्याचाच थर बसला असेल, मेण साचल्यासारखा, अशी मी स्वतःची समजूत घालतो. दिवसा ती पटते.

रात्री पटत नाही, कारण अण्णांचे असेच सुरू झाले होते. सुरुवातीला माणसे, रस्ते, तारखा सगळे चोख आणि मधलीच एखादी वस्तू गायब. रविवार कारंज्याचे प्रकरण तुला ठाऊक आहे, तूच त्यांना घरी आणले होतेस. त्याच्या दोन वर्षे आधी ते वहिनींना विचारत होते की आपल्या मोठ्या समईला वाती पाच की सात, आणि आम्ही सगळे हसलो होतो. मी आता अण्णांच्या त्या वयाचा आहे. रोज सकाळी फिरताना मी दारे मोजतो: जुन्या भाडेकरूंच्या खोलीचे, शाळेच्या कार्यालयाचे, प्रेसच्या फाटकाचे. सगळ्यांचे रंग आठवतात. मग घरी येऊन वाटते की खरेच आठवतात, की मी ते भरतो आहे? रिकाम्या जागेत रंग भरण्याची आता सवयच झाली आहे. डॉक्टरांना यातले काही सांगितले नाही. ते मला शंभरातून सात वजा करायला लावतील आणि ते मला तुझ्यापेक्षा चांगले येते.

वजाबाकीवरून आठवले. सानिकाने सराफ बाजारातली छपरे अशी रंगवली की लागून असलेली कोणतीही दोन छपरे एका रंगाची नाहीत, आणि तिला पाचवी पेन्सिल लागली नाही. मी तिला म्हणालो, यावर माझ्या मित्राशी तीन महिने वाद झाला होता. इंग्लंडचे परगणे रंगवताना १८५२ साली फ्रान्सिस गुथ्रीला पडलेले, कोणत्याही नकाशाला चार रंग पुरतात का हे कोडे १९७६ मध्ये ॲपेल आणि हाकेन यांनी संगणकावर सोडवले तेव्हा तू बी.एस्सी.ला होतास, आणि माणसाला हाताने तपासता येत नाही ती सिद्धता नव्हे, असे बजावून तू माझ्या चहाचे पैसे दिले नाहीस. ते अजून येणे आहेत.

तुझ्या गुडघ्याचे ऑपरेशन नीट झाल्याचे ताईकडून कळले. जिना चढतोस ना? वहिनींच्या मोतीबिंदूचे काय ठरले? केदारला पुण्यात घर मिळाले हे उत्तम झाले.

सोबत सतराव्या पानाची झेरॉक्स पाठवतो आहे. वाड्याचे बाकी सगळे मी रंगवून दिले आहे, दरवाजा कोरा आहे. तो तू रंगव आणि परत पाठव. अट एकच, रंगवण्याआधी ताईला फोन करायचा नाही, आणि आठवत नसेल तर शोभेल असा रंग मनाने भरायचा नाही, कोराच पाठव. खरे सांगू का, तो कोरा आला तर मला जास्त बरे वाटेल, मग दोघांचेही गेले असे म्हणता येईल. पण तू एलिमेंटरीचा अ श्रेणीवाला, तुला आठवत असणार. सानिकाने तिच्या वहीत तो दरवाजा जांभळा केला आहे आणि आज सकाळी एक क्षण मला वाटले की हो, जांभळाच होता. त्या क्षणानंतर मी हे पत्र लिहायला बसलो.

पेन्सिल वापर, स्केचपेन नको. झेरॉक्स मी काटकसरीने दोन्ही बाजूंनी काढली आहे, पाठीमागे दुतोंड्या मारुती आहे. स्केचपेनचा रंग पलीकडे फुटला तर सानिका म्हणेल, अवेळी पूर आला.

तुझा,
दिगंबर

ता. क. डबा उघडा मी ठेवला नव्हता. साय धरून अर्धा रंग वाया गेला तो तुझ्यामुळे, हे मला स्पष्ट आठवते. आणि पाकिटातून जांभळी पेन्सिल निघाली तर ती मी घातलेली नाही.