बी.एड.मध्ये स्पॅनिशची अध्यापन पद्धती हवी

संपादक महोदय,

बारावीनंतर पुण्याहून दिल्लीला जाऊन जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मी पाच वर्षे स्पॅनिशचा अभ्यास केला, तो माध्यमिक शाळेत ही भाषा शिकवायची या एकाच इच्छेने. माझ्याबरोबरच्या बहुतेकांनी भाषांतराची किंवा कंपन्यांमधली कामे धरली. मी मात्र परत येऊन बी.एड.ला प्रवेश घेतला. तेथे अध्यापन पद्धतीच्या यादीत मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास, भूगोल, गणित, विज्ञान असे सारे होते, स्पॅनिश नव्हते. ‘इंग्रजीची पद्धती घ्या, भाषा शिकवायचे तंत्र सगळीकडे सारखेच’, असा सल्ला मिळाला आणि दुसरा मार्ग नसल्याने मी तो मानला. दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमात आम्ही पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा असे एकूण 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालवले. त्या काळात स्पॅनिशचा एकही सराव पाठ मला घेता आला नाही, की पाठाचे टाचण तपासून चुका दाखवणारे कोणी भेटले नाही.

हे तंत्र सगळीकडे सारखे नसते, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आपल्याकडे वापरात असलेली स्पॅनिशची अनेक पुस्तके इंग्रजी बोलणाऱ्यांची अडचण समोर ठेवून लिहिलेली आहेत. ‘मे गुस्ता एल मांगो’ या वाक्यासाठी त्यांत पानेच्या पाने खर्ची पडतात, कारण आवडणारी वस्तू वाक्याचा कर्ता होते ही रचना इंग्रजीला परकी आहे. मराठी मुलाला ती जन्मापासून ठाऊक असते: ‘मला आंबा आवडतो’, ‘मला आंबे आवडतात’. आंबे अनेक झाले की मराठीत जसे क्रियापद बदलते, तसेच स्पॅनिशमध्ये ‘गुस्ता’चे ‘गुस्तान’ होते. एकेरी ‘तू’ तर दोन्ही भाषांत उच्चारासकट एकच आहे. मराठी मुले अडखळतात ती वेगळ्याच जागी. ‘ती डॉक्टर आहे’ आणि ‘चहा गरम आहे’ यांत आपल्याला एकच ‘आहे’ पुरतो, स्पॅनिशमध्ये मात्र ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन निराळी क्रियापदे लागतात. पाणी आपल्याकडे नपुंसकलिंगी. त्यांच्याकडे ‘आग्वा’ स्त्रीलिंगी असूनही एकवचनात त्याच्या आधी ‘एल’ हे पुल्लिंगी उपपद येते, कारण शब्दाच्या सुरुवातीच्या ‘आ’वर आघात असतो. आठवीतला मुलगा ‘असे का?’ म्हणून विचारणारच, आणि त्याला समजेल असे उत्तर देणे ही भाषा येण्याहून वेगळी विद्या आहे. ‘डेले’ या स्पॅनिशच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचे प्रमाणपत्र शिक्षकाला स्वतःला स्पॅनिश किती येते तेवढे सांगते. चाळीस मुलांच्या वर्गात ती कशी रुजवायची, हे कोणत्याही भाषा-परीक्षेत तपासले जात नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर उपलब्ध करून द्यावयाच्या परकीय भाषांमध्ये कोरियन, जपानी, फ्रेंच, जर्मन यांच्याबरोबर स्पॅनिशचेही नाव घेतले आहे. त्याच धोरणानुसार 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता होणार आहे. मग त्या चार वर्षांत स्पॅनिशच्या भावी शिक्षकाने कोणती अध्यापन पद्धती शिकायची, हे आत्ताच ठरायला नको का? जर्मनच्या शिक्षकांना निदान मॅक्समुल्लर भवनाच्या प्रशिक्षणाचा आधार आहे. इंग्लंडमध्ये पदवीनंतर साधारण वर्षभराचे शिक्षक-प्रशिक्षण असते, त्यात स्पॅनिश हा विषय घेता येतो आणि उमेदवाराला किमान 120 दिवस शाळेत काढावे लागतात. तेथे परकीय भाषेच्या शिक्षकाकडूनही गणिताच्या शिक्षकाइतकीच तयारी अपेक्षित असते. आपल्याकडे ज्या शाळांत स्पॅनिश आहे, तेथे बऱ्याचदा तासिका तत्त्वावर कोणाला तरी बोलावले जाते, आणि वर्षभरात ती व्यक्ती बदलली की मुले पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करतात. हे मी जवळून पाहिले आहे.

वीस देशांची अधिकृत भाषा असलेली स्पॅनिश आपल्या मुलांनी मराठीच्या आधाराने शिकावी, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी राज्यातील विद्यापीठांच्या परकीय भाषा विभागांनी आणि शिक्षणशास्त्र विभागांनी एकत्र बसून स्पॅनिशच्या अध्यापन पद्धतीची एक अभ्यासपत्रिका तयार करावी. ज्या शाळांत स्पॅनिश शिकवले जाते त्यांच्याशी सराव पाठांसाठी करार करावा आणि पाठ तपासायला भाषेचाच जाणकार नेमावा. सुरुवातीला दहाच छात्राध्यापक मिळाले तरी चालतील. असा अभ्यासक्रम सुरू झाला, तर हाती बी.एड.ची पदवी असूनही त्यासाठी पुन्हा विद्यार्थिनी होऊन वर्गात बसण्याची माझी तयारी आहे.

आपली नम्र,
स्पॅनिशची एक विद्यार्थिनी, पुणे