ठेका एकच, म्हणून चोरी कशी?

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत जमैकाचं रेगे आणि त्यातूनच निघालेलं डान्सहॉल या संगीतप्रकारांवर लेख आला, हे छानच झालं. पण डान्सहॉलचे गायक ‘एकमेकांच्या चाली सर्रास उचलतात’ हा त्यातला शेरा चुकीचा आहे.

जमैकात बेस आणि ड्रमच्या तयार ठेक्याला ‘रिडिम’ म्हणतात. निर्माता तो एकदा ध्वनिमुद्रित करतो आणि मग त्यावर दहा-वीस गायकांना गायला बोलावतो. खालचा पाया तोच, पण शब्द आणि गळ्यातली चाल ज्याची त्याची. अॅन्सेल कॉलिन्सने 1973 मध्ये निर्माता विन्स्टन रायलीसाठी वाजवलेला ‘स्टॅलाग’ हा रिडिम घ्या. 1982 मध्ये सिस्टर नॅन्सीने त्यावर ‘बॅम बॅम’ केलं आणि 1985 मध्ये टेनर सॉने ‘रिंग द अलार्म’. दोन्ही लागोपाठ ऐका. पहिल्या खेपेला गळ्याकडे लक्षच देऊ नका, फक्त बेस ऐका. तो ओळखू येईल. मग आवाज ऐका. नॅन्सी शब्द लयीत फेकत जाते, टेनर सॉ स्वर लांबवत आर्त गातो. यात कोणी कोणाचं काय उचललं?

लेखात ‘डीजे’ म्हणजे तबकड्या लावणारा असं गृहीत धरल्याने घोळ आणखी वाढला आहे. तिथे तबकड्या लावतो तो सिलेक्टर. डीजे माइकवर लयीत बोलतो. 1970 मध्ये यू-रॉयने ट्रेझर आयल स्टुडिओच्या जुन्या रॉकस्टेडी (रेगेच्या आधीची शैली) गाण्यांवर असं बोलून लागोपाठ लोकप्रिय तबकड्या दिल्या, तेव्हापासून डीजे हा गायकाच्या बरोबरीचा कलाकार ठरला. यलोमन, शाबा रँक्स, बाउंटी किलर ही सगळी त्याच परंपरेतली मंडळी. ग्रेगरी आयझॅक्स किंवा डेनिस ब्राउन हे मात्र शुद्ध गायक. डीजे आणि गायक दोघांना एकाच फूटपट्टीने मोजलं की डीजे ‘बेसूर’ वाटणारच.

लेखातल्या ‘सगळं एकसुरी वाटतं’ या तक्रारीचं कारण बहुधा फोनचा स्पीकर आहे. त्यातून 100 हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही ऐकू येत नाही आणि या संगीताचा जीव नेमका तिथेच असतो. बेस गिटारची सर्वांत खालची तार साधारण 41 हर्ट्झची. बेस गायब झाला की उरते ती गिटारची किचकिच. निदान बरे हेडफोन तरी वापरावेत.

ठेकाही मोजून पाहावा. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ या ठेक्यात चार मात्रा धरल्या, तर गिटारचा तुटक आघात 2 आणि 4 वर येतो, आणि बेस ड्रम व स्नेअर या छोट्या ड्रमच्या काठावरचा टोला एकत्र 3 वर. पहिली मात्रा, जिथे आपला कान समेची वाट पाहतो, तिथे ड्रम गप्प. बॉब मार्लीच्या वेलर्स या बँडचा ड्रमर कार्लटन बॅरेट यात वाकबगार होता. रेगेच्याच ‘स्टेपर्स’ या दुसऱ्या ठेक्यात बेस ड्रम चारही मात्रांवर पडतो. 1990 च्या आसपासच्या डान्सहॉलमध्ये आठ बारीक मात्रांची 3-3-2 अशी फोड होते, म्हणजे ठोके 1, 4 आणि 7 वर. रेगेटॉन या लॅटिन अमेरिकी नृत्यसंगीताचा ठेका इथूनच गेला.

1985 चा ‘स्लेंग टेंग’ रिडिम हा मोठा टप्पा लेखातून निसटलाच. कॅसिओ एमटी-40 या छोट्या कीबोर्डमध्ये आधीपासून भरलेला एक ठेका निर्माता किंग जॅमीने संथ केला आणि गायक वेन स्मिथला त्यावर गायला लावलं. वादकांचा ताफा न बोलावताही रिडिम होतो, हे एकदा दिसल्यावर जमैकाची राजधानी किंग्स्टनमधले निर्माते यंत्रांकडे वळले. पुढे याच ठेक्यावर शेकडो गाणी झाली. (कॅसिओसाठी तो ठेका हिरोको ओकुदा यांनी रचला होता. त्यांचं नाव फार उशिरा लोकांना कळलं.)

चोरीचाच विषय काढायचा असेल, तर तो पैशांचा काढावा. जमैकात 1993 पर्यंत ब्रिटिशांचा 1911 चा कॉपीराइट कायदा लागू होता. वादक आणि गायकांना बहुतेकदा एकरकमी मोबदला देऊन मोकळं केलं जाई. ‘बॅम बॅम’ जगभर वाजत असताना कित्येक वर्षं सिस्टर नॅन्सीच्या हाती त्याची रॉयल्टी पडली नव्हती. आणि टीका करायचीच, तर काही डीजेंच्या शब्दांतल्या समलिंगीद्वेषावर करावी, ती रास्तच आहे. डीजे बुजू बँटनने आपलं तसं एक गाणं 2019 मध्ये स्वतःच मागे घेतलं.

एक सूचना. गाण्यांची यादी छापताना गायकाबरोबर रिडिम, निर्माता आणि मूळ वर्षही द्यावं. स्ट्रीमिंगवर अनेकदा नंतरच्या संकलनाचं वर्ष दिसतं, आणि कित्येक जुन्या गायकांनी आपली गाजलेली गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली आहेत. नुसत्या नावावर शोधलं, की वाचकाच्या हाती ही नंतरची ध्वनिमुद्रणंच पडतात.

— एक वाचक